मनगटावरचा पाहुणा

परफ्यूमची सॅम्पलची कुपी करंगळीएवढी होती आणि फर्निचरला पॉलिश करून करून राठ झालेल्या त्याच्या बोटांना तिचं झाकण काही केल्या उघडेना. शेवटी दातांनी उघडलं. भाचीने बजावलं होतं, "मामा, मनगटावर लाव, पण चोळू नकोस. आधी कसा वास येतो, दुपारी कसा, संध्याकाळी काय उरतं, सगळं नीट सांग. आमच्या दुकानात नवीन आलंय. फार कुठे मिळत नाही. घेणारे असतात ते तुझ्याच वयाचे."

सुट्टीच्या दिवशी माणसाने झोप काढावी की वास घेत बसावं? पण भाचीला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने दोन्ही मनगटांना लावलं, थोडं मानेलाही. आधी मिरीसारखं काहीतरी नाकात चढलं. वडिलांसाठीचं सूप गरम होईपर्यंत मिरी ओसरली आणि मागून ओल्या लाकडाचा, धुराचा वास आला. त्याला हसू आलं. आठवडाभर लाकडं घासायची आणि सुट्टीला लाकडाचाच वास अंगाला फासायचा! पण वास चांगला होता. एखाद्या नीटनेटक्या, पोटभर झोप झालेल्या माणसाला यावा तसा.

सूपची वाटी घेऊन तो अनवाणीच वडिलांच्या खोलीत गेला.

"कोण?" वडिलांनी पलंगावरून मान वळवली. डोळे गेल्यापासून ते माणसं वासावरून ओळखायचे. मुलगा म्हणजे स्पिरिट आणि पॉलिश. तो वास आंघोळीनेही जात नसे; आज मात्र तो सेंटखाली दबला होता.

'मी' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण रात्रीतून कितीदा तरी उठून त्याने त्यांना कुशीवर वळवलं होतं, चादर बदलली होती. एवढासा शब्दही तोंडातून लवकर निघेना. तेवढ्यात वडील उशीला टेकून जरा वर सरकले आणि सदऱ्याचं बटण चाचपून लावलं.

"या, बसा. आश्रमातून आलात ना आपण?"

वृद्धाश्रमाच्या माणसाला त्याने याच आठवड्यात येऊन बघून जायला सांगितलं होतं. जिन्यात उभं राहून, दबक्या आवाजात. वडिलांना हे कसं सांगायचं, याचाच घोर त्याला लागला होता.

"डोळे गेलेत, कान शाबूत आहेत," वडील म्हणाले. "पोरगा जिन्यात जाऊन फोन करतो. त्याला वाटतं भिंतींना कान नसतात."

जन्मभर वडिलांची त्याला गाढवापलीकडे हाक नव्हती. परक्याशी मात्र किती अदबीने बोलत होते! आता 'मी आहे' म्हटलं तर दोघांचीही शोभा होणार.

"बोलत नाही आपण? हरकत नाही, माझं ऐका. तो येईलच इतक्यात. त्याला सांगा, म्हाताऱ्यानेच विचारलं, मला केव्हा नेता म्हणून. मीच हट्ट धरला म्हणा. नाहीतर तो ऐन वेळी कच खाईल. आणि पाठवलंच, तर जन्मभर मनाला लावून घेईल. लहानपणापासून तसाच आहे, गाढव." त्यांना धाप लागली. ते थांबले. "रात्री मला उचलतो तेव्हा त्याचे हात थरथरतात हो. दिसत नाही, पण कळतं ना. असंच चाललं तर माझ्याआधी तोच अंथरूण धरेल."

त्याला रडू आलं आणि ते आवाज न करता गिळावं लागलं. वाटी सांभाळत तो उलट्या पावली बाहेर आला.

बेसिनपाशी त्याने मनगटं साबणाने घासली, मान घासली. मिरी केव्हाच गेली होती, धूरही गेला. लाकूड मात्र हटेना. फोनवर भाचीचा मेसेज होता, 'किती टिकतंय?' 'धुतलं तरी जात नाही,' त्याने लिहिलं. मग दाराआडचा कामाचा शर्ट अंगात चढवला, सूप पुन्हा गरम केलं, बाहेरचं दार उघडून मुद्दाम आपटलं आणि वाटी घेऊन आत गेला.

"आलास का रे? कुठे उलथला होतास?"

"खालीच होतो. सूप आणलंय बाबा, तोंड उघडा."

पहिला चमचा पोटात गेला. दुसऱ्या चमच्याला वडिलांचं नाक त्याच्या मनगटाशी थबकलं.

"तो माणूस भेटला वाटतं तुला."

"भेटला जिन्यात. हात मिळवला."

"काही म्हणाला?"

"तुमचा निरोप दिला."

चादरीवर चाळा करणारी वडिलांची बोटं थांबली. "मग? काय सांगितलंस तू?"

त्याच्या पाठीत सकाळपासून कळ होती. आजची रात्र काढायची होती, उद्याचीही होती. हो म्हणणं किती सोपं होतं. वडिलांनी वाट मोकळी करून दिली होती.

"परत पाठवला," तो म्हणाला. "एवढा सेंट फासून फिरतो तो. असला माणूस रात्री उठून कुणाला कुशीवर वळवणार?"

वडिलांची बोटं पुन्हा चादरीवर चाळा करू लागली.

"गाढव आहेस," ते म्हणाले, आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.