फिलूची हाडं

शवपेटीच्या फळ्यांचा भुगा फावड्यावर आला, तेव्हा इनासला हायसं वाटलं. तीन वर्षं भरली होती. वसईकडच्या त्या गावात जागा कमी, म्हणून चर्चचा नियमच होता: तीन वर्षांनी थडगं उघडायचं, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची. इनासने जन्मभर हेच काम केलं होतं. आजचं थडगं त्याच्या लेकीचं होतं. हाडं गुंडाळायला पांढरं फडकं घेऊन त्याची बायको रेजिना फाटकापाशी थांबली होती.

त्याने हाताने माती बाजूला सारली आणि फिलूचा गाल दिसला. एकोणीस वर्षांचा, नितळ.

तिच्या फुफ्फुसांना रोगाने पोखरलं, तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली होती. "कारखान्यात घडवलेली अमिनो आम्लं आहेत ही. हिचं सगळं अंग आता यांचंच बनेल. हिला कुठलाच जंतू खाऊ शकणार नाही." फिलू खडखडीत बरी झाली, आणि पुढच्याच वर्षी खाडीत बुडाली.

मातीत देह कुजवतात तेही जंतूच असतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मिळाली का हो?" म्हणत रेजिना जवळ आली. इनास आडवा येण्याआधीच तिने वाकून पाहिलं. हातातलं फडकं गळून पडलं.

"अहो, ही तर झोपलीये. उठवा ना तिला!"

इनास पोरीवर दुसऱ्यांदा माती लोटू लागला. रेजिना दोन्ही हातांनी ती परत काढत राहिली.