खरखरीची तक्रार

"याचं झाकण कुठे आहे?" तपासनीस बाईंनी कॉम्प्युटरच्या उघड्या पोटाकडे बोट दाखवलं.

"माळ्यावर. यंत्र फार तापतं, म्हणून मीच काढून ठेवलं," नवरा म्हणाला.

"तो पत्रा शोभेला नसतो. आतल्या लहरी आतच अडवतो. उघडं ठेवलं की आसपासच्या रेडिओंत खरखर सुरू. खालच्या मजल्यावरून तक्रार आहे."

"म्हणजे पोस्टमनकाका. त्यांना दुसरा उद्योग काय? पेन्शन घ्यायची आणि कान लावून बसायचं."

एरवी तो कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नसे. पण तपासू दिलं नाही तर यंत्र जप्त होईल, असं बाईंनी दारातच सांगितलं होतं. घरांचे नकाशे काढून देण्याचा त्याचा सगळा धंदा त्या यंत्रावर होता.

बायको स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मुख्य दाराला त्याने विजेचं कुलूप बसवलं होतं. ते आतूनसुद्धा रिमोटशिवाय उघडत नसे आणि रिमोट त्याच्या खिशात असे. तिचा फोनही त्याच्याकडेच. आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा एकदा बघून येते म्हणून तिने किती विनवलं होतं. त्याने ऐकलं नाही. आज पहिल्यांदा परकं माणूस घरात आलं होतं आणि तिला तोंड उघडायचा धीर होत नव्हता.

"यंत्र दिवसभर चालू असतं का हो?" बाईंनी तिला विचारलं.

"हे घरी असले की चालू. बाहेर गेले की कुलूप."

"कॉम्प्युटरला," नवरा घाईने म्हणाला. "पासवर्ड घालून जातो ना मी."

बाईंनी मान हलवली आणि विषय सोडून दिला.

मग वाकून त्यांनी यंत्राच्या मागचं लेबल वाचलं. या यंत्राने दुसऱ्याला त्रास होईल अशा लहरी सोडू नयेत. दुसऱ्याच्या लहरींचा त्रास झाला, तर तो मात्र सोसावा.

नवरा खो खो हसला. "ऐकलंस का गं? हे तर तुझ्याच पाठीवर चिकटवायला हवं."

बाईही हसल्या. ते पाहून बायको आत वळली.

"आता एकेक वस्तू बंद करून बघायची," बाई म्हणाल्या. "मी वर बटणं बंद करते. हा रिसीव्हर घेऊन कुणीतरी मागच्या अंगणात थांबायचं. खरखर आहे की गेली, ते ओरडून सांगायचं. वहिनींना पाठवा."

"ती नाही. मी जातो."

"यंत्र तुमचं, तुम्ही इथे असलात तर बरं. वहिनी जातील की."

"मी जातो म्हटलं ना."

"बरं. मग दाराचा रिमोट ठेवून जा. तोही लहरी सोडतो, तोही तपासावा लागेल."

तो जरा घुटमळला. बाईंनी यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. तेव्हा त्याने दार उघडलं आणि रिमोट त्यांच्या हातावर ठेवला.

"माझ्यामागे दार तेवढं लावून घ्या," तो म्हणाला.

अंगणात ऊन होतं. रिसीव्हर कानाशी सारखा खरखरत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंचा आवाज आला.

"पंखा बंद केला. खरखर?"

"आहे."

"फ्रिज बंद."

"आहे."

"कॉम्प्युटर बंद."

"तरी आहे," तो खुशीत ओरडला. "बघा, उगाच माझ्या यंत्रावर आळ घेत होतात."

"एरिअल हलवू नका. आता शेवटचं बटण," बाई म्हणाल्या आणि खिडकीतून दिसेनाशा झाल्या.

तो थांबून राहिला. खरखर चालूच होती. पुढच्या रस्त्यावर एक गाडी सुरू होऊन निघून गेली. तिच्या आवाजात काही निसटू नये, म्हणून त्याने रिसीव्हर कानावर आणखी दाबून धरला.

खालच्या मजल्यावरचे पोस्टमनकाका बादली घेऊन कपडे वाळत घालायला आले.

"काय काका, तुमच्या रेडिओपायी आम्हाला उन्हात उभं केलंत," तो म्हणाला.

काकांनी ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

"रेडिओ? माझ्याकडे कुठला रेडिओ?" ते म्हणाले. "मी तक्रार केली ती तुमच्या बायकोच्या रडण्याची."