न टेकलेले दोन मणी

दवाखान्यातल्या पडद्यावर मृण्मयीच्या हृदयातलं एक प्रथिन सावकाश फिरत होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या माळेसारख्या साखळीतल्या अमिनो आम्लांच्या दोन मण्यांवर बोट ठेवलं. "हे एकमेकांना टेकायला हवेत, पण टेकत नाहीत. हा दोष आईकडून आलाय. आज इंजेक्शन दिलं की उद्यापर्यंत जुळतील."

"तिच्या वेळी हे इंजेक्शन नव्हतं," दिगंबरराव म्हणाले.

मृण्मयीने बाही वर केली. त्यांनी लेकीचा हात धरला. "जरा थांबा. मला ते एकदा नीट बघू द्या."

"बाबा, आईचं नाक आहे की माझ्याकडे! ते बघत बसा."

ते हसले. मग त्या मण्यांमधली फट त्यांनी डोळे भरून पाहिली. एवढ्याशा फटीतून त्यांची नलिनी निघून गेली होती.

त्यांनी लेकीचा हात सोडला. "टोचा," ते म्हणाले.