मोरीची होडी

पाणी जागचं हललं नाही.

चाळीस बादल्या ओतून झाल्या होत्या. नव्या होडीच्या डेकवर घोटाभर पाणी साचलं होतं आणि ते आरामात तिथेच बसलं होतं. धक्क्यावर जमलेल्यांना हसू आवरेना. "अगं, होडीला भोकं पाडलीस, तीही चालेनात?" जाळी विणणारा डेकवरच्या पोरीला ओरडला. "आता भोकालाच एक भोक पाड!"

"नव्वद," बाबा वरून म्हणाले. ते धक्क्याच्या कडेला उभे राहून एका सुरात आकडे मोजत होते. दोनशेपर्यंत पाणी गेलं नाही तर भोकं ते बुजवणार, आणि लेकीने पुन्हा रंगाचा ब्रश हातात घ्यायचा, असं ठरलं होतं. पटाशी खाली ठेवायची ती कायमची.

होडी तिने बांधली होती, धाकट्या भावासाठी. उद्या तो हीच घेऊन समुद्रावर जाणार होता. डेक बाहेरच्या पाण्यापेक्षा वीतभर उंच, मागे किंचित उतरता, आणि खालची पोकळी सगळीकडून बंद. मागच्या फळीला डेकच्या पातळीवर चार भोकं, प्रत्येकावर बाहेरून रबराची झडप. लाट आत आली की पाणी उताराने मागे जाईल आणि झडप ढकलून बाहेर पडेल. बाहेरून लाट आपटली तर झडप मिटेल. यात जादू काहीच नव्हती.

बाबांना ते पटलं नव्हतं. त्यांनी उभी हयात होड्या बांधल्या होत्या आणि त्यांच्या होडीत पाण्याचा थेंब शिरत नाही अशी ख्याती होती. नवी होडी पाण्यात उतरली की ते तिच्या आत तळाशी खडूची पूड भुरभुरायचे. संध्याकाळी पूड कोरडी असली तरच होडी मालकाच्या ताब्यात जायची. अशा माणसाची मुलगी होडीला भोकं पाडते म्हणजे काय! "आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा," ते महिनाभर म्हणत होते.

"मोरीला भोक असतं, म्हणून घराला कुणी गळकं म्हणतं का?" तिने एकदा जेवताना विचारलं होतं. धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सगळा धक्का तिच्या होडीला 'मोरी' म्हणू लागला.

ती ऐकून घ्यायची आणि रंधा मारत राहायची. सहा वर्षांपूर्वी वादळ ओसरल्यावर थोरल्या भावाची होडी सापडली होती, ती तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. होडी सरळ उभी होती, बाबांनी बांधलेली. एक फळी निखळली नव्हती. पाण्याने काठोकाठ भरली होती, आणि आत कुणी नव्हतं. बाबांनी तिच्या सांध्यांवरून हात फिरवला होता आणि म्हणाले होते, "फुटली नाही." त्यानंतर त्या होडीबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते.

"एकशे तीस."

उतार तिने तीनदा पाणसळ लावून तपासला होता. पाणी चुकत नाही, चुकतो तो माणूस. "आणखी दहा बादल्या ओत," ती धाकट्याला म्हणाली.

"ताई, बास की. लोक बघतायत."

"मग नीट बघू देत. ओत!"

ती मागच्या फळीवर पालथी पडली, हात बाहेरून खाली घातला आणि पहिली झडप उचलली. बोटांना लाकूड लागलं. भोकात खुंटी ठोकलेली होती. आठ कडांची, टोकाला निमुळती, डांबरी सुतळी गुंडाळलेली. तशी खुंटी तासणारा सगळ्या धक्क्यावर एकच हात होता, आणि त्याच हाताने तिला पटाशी धरायला शिकवलं होतं.

ती उठून उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"बाबा, मोजणं पुरे. खाली या. खुंट्या तुमच्या आहेत, तुम्हीच काढा."

हसणं थांबलं. बाबांनी धाकट्याकडे पाहिलं. "सकाळी ठोकल्या," ते म्हणाले. "याच्या होडीत पाणी शिरू नये म्हणून. माझा एक गेलाय, पोरी."

"माझाही गेलाय." तिचा आवाज चिरकला, पण खाली आला नाही. "काढा. नाहीतर करवत घेते आणि ही मागची फळीच उडवते. मग किती बुजवायचं ते बुजवा!"

बाबा उतरले. गुडघे टेकले, मग तिच्यासारखेच पालथे पडले आणि पक्कड लावली. पहिली खुंटी निघाली, झडप फडफडली आणि पाण्याची धार बाहेर पडली. मग दुसरी, तिसरी, चौथी. डेकवरचं पाणी एकदम जागं झालं आणि मागे धावलं. आता धक्काच मोजत होता. सत्तर म्हणेपर्यंत डेकवर फक्त ओल उरली. बाहेरून लाटा झडपांवर थापट्या मारत राहिल्या, आत काही आलं नाही.

बाबा ओल्या कपड्यांनी तिथेच बसून राहिले, मुठीत चारही खुंट्या धरून. जाळी विणणाऱ्याला अजून राहवत नव्हतं. "काय हो काका," तो म्हणाला, "जन्मात तुमच्या होडीत थेंब आत आला नाही. आणि आता पोरीची ही चाळण समुद्रावर सोडणार?"

बाबांनी खुंट्या पाण्यात भिरकावल्या.

"आत नाही आला," ते म्हणाले. "आणि थोरल्याच्या होडीतून एक थेंब बाहेरही गेला नाही."