पाच फूट चार इंचांची फळी

हेमालीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बावीसच्या मे महिन्यात, हळदीच्या पंगतीत शत्रुघ्नच्या पानावर तिसऱ्यांदा बटाटा पडला. शेजारच्या पानांवर मटण होतं. शत्रुघ्नने बटाट्याकडे पाहिलं, वाढप्याकडे पाहिलं आणि खरकट्या हातानेच मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"गंग्या," तो नवरीच्या आजोबांना म्हणाला, "चुलतभावाला बटाटं घातलंस. तू मेलास की मी खांदा देनार नाय. तुला बटाटंच नेतील."

गंगाराम तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. एकटा शत्रुघ्न रुसला असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण शत्रुघ्न उठला की भावकीची अकरा घरं त्याच्यामागे उठायची, आणि त्या खाडीकाठच्या गावात मेलेल्याला भावकीच उचलते. पंगत निम्मी रिकामी झाली. गंगारामने तिथेच मनात खांदे मोजले. दोन भरले. एक नातवाचा, दुसरा जावयाचा, आणि जावयाची कंबर धरलेली.

दिवाळीनंतर तो तुळिंजला जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे गेला. तीस वर्षं त्याने भाजीचा टेम्पो चालवला होता. तरी कोपऱ्यातल्या जीपचं इंजिन त्याने उघडून पाहिलं नाही.

"चारही चाकं ओढतात?" एवढंच विचारलं.

"काका, फोर बाय फोर आहे. साध्या गाडीत दोन ओढतात, दोन नुसती सोबत चालतात. हिचा लिव्हर टाकला की चारही."

"दोन ओढतात, दोन सोबत चालतात. मानसांत लय बघितलंय," गंगाराम म्हणाला आणि जीप घेऊन आला.

वसईच्या जेम्सने ती गॅरेजात चढवली. गाडी वीतभर उंच केली. चिखलात रुतणार नाहीत असे जाड नक्षीचे टायर घातले. इंजिनाला पाण्यात श्वास घेता यावा म्हणून हवेचा पाइप छपरापर्यंत नेला. पुढे विंच बसवला. गाडी अडकली की त्याचा लोखंडी दोर झाडाला बांधायचा, मग ती स्वतःच स्वतःला ओढून काढते.

"म्हंजी कोनाला हाक मारायला नको," गंगाराम खूश झाला.

मग त्याने मागच्या सीटा काढायला लावल्या. तिथे सपाट फळी हवी होती. जेम्सने माप विचारलं. गंगाराम मागे चढला, आडवा झाला आणि दोन्ही हात छातीवर ठेवले. जेम्सने टेप लावली. पाच फूट चार इंच.

"अंकल, भरणार काय यात?"

"माल."

"कसला?"

"नाशवंत."

गावाचा समज झाला की म्हाताऱ्याला पोरांसारखं चिखलात गाडी घालायचं वेड लागलं. गंगारामने तो मोडला नाही. चिंचोटीला पोरं गाड्या घेऊन जमली तेव्हा तोही गेला आणि विंचने त्यांच्या तीन गाड्या चिखलातून काढून आला. शत्रुघ्नच्या नातवाने, कल्पेशने, त्याचा व्हिडिओ काढून आपल्या आजोबांना दाखवला. "नाटकं," शत्रुघ्न म्हणाला. पण दोनदा पाहिला.

रोज संध्याकाळी गंगाराम गाडी घेऊन खाजणातल्या बांधावरून जायचा, शेवटच्या पत्र्याच्या शेडला वळसा घालायचा आणि परत यायचा. एकदा प्रेमलता, त्याची बायको, सोबत बसली. शेड स्मशानाची होती. तिने शेडकडे पाहिलं, मागच्या फळीकडे पाहिलं.

"मी पाच फूट दोन," ती म्हणाली. "मला पन पुरंल."

हळदीला दोन वर्षं झाली. जुलैत एका सकाळी कल्पेश भिजून दारात आला. त्याचे आजोबा पहाटे गेले होते. अकरा घरांचे पुरुष शत्रुघ्नच्या अंगणात उभे होते. खांदे पुष्कळ होते, पण बांधावर कंबरभर पाणी होतं आणि खाली चिखलात पाय ठरत नव्हता. शववाहिनी गावाच्या वेशीवरूनच परत गेली होती.

"आबा, गाडी..." कल्पेश एवढंच बोलला.

"चावी लावून ठेवलीय. बस."

घरापासून जीपपर्यंत दहा पावलं होती. तेवढी तरी खांद्यावरून न्यायची. गंगाराम न विचारता तिरडीच्या पुढच्या उजव्या दांड्याखाली शिरला. कोणी अडवलं नाही. फळीवर ठेवल्यावर शत्रुघ्नचे पाय मागून बाहेर आले. तो चांगला पावणेसहा फूट होता. माल बाहेर आला की लाल फडकं बांधायची गंगारामला टेम्पोवरची सवय. त्याने खिशातून रुमाल काढला, त्याचा लाल रंग पाहिला आणि परत ठेवला.

शत्रुघ्नची बायको जीपजवळ आली.

"भावोजी, त्या हळदीला वाढप्याला मीच सांगितलेलं. डॉक्टरांनी ह्यांचं मटन बंद केलेलं."

गंगाराम तिच्याकडे वळला. "मग दोन वर्सं बोलली का नाय?"

"ह्यांना समजलं असतं तर मलाच खांदा भेटला नसता."

गंगाराम गाडीत बसला. लिव्हर टाकला. पाणी दाराला लागलं, पण चारही चाकं ओढत राहिली. नुसतं सोबत कोणीच चाललं नाही.

शत्रुघ्न दोन हजार चोवीस साली, जुलैच्या पंचवीस तारखेला, गुरुवारी वारला. शब्दाचा पक्का होता. गंगारामला त्याने खांदा दिला नाही.