चौकटीत फोटो येईना

साहेबरावांनी फ्लॉपी टेबलावर आपटली. "पुन्हा तेच! चौकट आहे, फोटो नाही. पन्नास किलोमीटर एसटीत धक्के खात जायचं आणि रिकामी चौकट दाखवून माघारी यायचं. हसं करतेस का माझं?"

निलोफरनं फ्लॉपी उचलून कॉम्प्युटरमध्ये सरकवली. ड्रॉइंग उघडलं. फोटो जागच्या जागी होता.

"इथं तर दिसतोय, सर."

"इथं दिसून काय उपयोग? शिरूरला दिसला पाहिजे!"

दौंडला साहेबरावांचं ड्रॉइंगचं ऑफिस होतं. आयटीआय करून निलोफर तिथं लागली, त्याला तीन वर्षं झाली होती. साहेबराव गिऱ्हाइकं सांभाळत, कॉम्प्युटरला हात लावत नसत. सगळी ड्रॉइंग ती काढायची. पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'काढणारा' या शब्दापुढे नाव साहेबरावांचं. तिनं एकदा धीर करून विचारलं होतं. ते म्हणाले, "नाव ऑफिसचं असतं, हाताचं नसतं."

हे काम शिरूरच्या संपतआप्पांचं होतं. आप्पांचा शेतीअवजारांचा कारखाना. त्यांना कांद्याची प्रतवारी करणारं मशीन बनवायचं होतं. वरून ओतताना कांद्याला मार बसतो आणि मार बसलेला कांदा लवकर सडतो. निलोफर दोन रविवार यवतच्या बाजारात जाऊन कांद्याच्या गोणी रिकाम्या होताना बघत उभी राहिली. मग तिनं मशीनच्या तोंडाचा उतार कमी केला, आत टायरच्या जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या लोंबत्या सोडल्या. घरी पुठ्ठ्याचं तोंड बनवून कांदे सोडून पाहिले. एकाचंही साल फाटलं नाही. त्या पुठ्ठ्याचा फोटो ड्रॉइंगमध्ये हवा, ही आप्पांची अट होती. त्यांच्या फिटरला रेघा कळत नव्हत्या म्हणे.

पहिल्या खेपेला चौकट रिकामी निघाली. दुसऱ्या खेपेला तिनं फोटोची फाईलही फ्लॉपीत सोबत दिली, तर आप्पांनी ड्रॉइंग तेवढं उतरवून घेतलं आणि फोटोला हातही लावला नाही.

आता ती हट्टाला पेटली. प्रोग्रामची मदतीची पानं इंग्रजीत होती. डिक्शनरी मांडीवर घेऊन ती ओळ न् ओळ वाचू लागली. तीनदा कॉम्प्युटर अडकून बसला. दुपारी वीज गेली आणि दोन तासांचं काम त्याबरोबर गेलं. तिला रडूही येईना, इतका राग आला होता. संध्याकाळी कुठं तिला गोम कळली. ड्रॉइंग फोटो पोटात घेतच नव्हतं. फोटो कुठं ठेवलाय तेवढं लक्षात ठेवत होतं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्या जागी फोटो नाही, म्हणून चौकट रिकामी.

दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पेंटमध्ये उघडला, तिथून कॉपी केला आणि ड्रॉइंगमध्ये वेगळ्या रीतीनं चिकटवला. फाईल फुगली, पण फ्लॉपीत मावली. खात्री करायला तिनं मूळ फोटोच कॉम्प्युटरवरून हलवला आणि ड्रॉइंग पुन्हा उघडलं. फोटो तिथंच होता.

साहेबरावांचा विश्वास बसेना. "या खेपेला तूच चल. नाही दिसला तर तुझ्या तोंडानं आप्पांना सांग. आणि सोमवारपासून घरी बस."

शिरूरच्या एसटीत ती फ्लॉपी मुठीत धरून बसली. 

संपतआप्पा लेथ मशीनवर काम करत वर आलेला माणूस. साठीला कॉम्प्युटर शिकलेले. दोन बोटांनी, एकेक बटण शोधत त्यांनी ड्रॉइंग उघडलं. चौकटीत फोटो आला. पट्ट्यांसकट, लख्ख.



"बघा आप्पा," साहेबराव पुढं सरकले. "दोन दिवस खपलो, पण शेवटी जमवलं मी."

ती खाली मान घालून फरशीकडे बघत राहिली.

आप्पांनी फोटोकडे धड पाहिलंही नाही. "साहेबराव, ह्यो उतार येवढा कमी का ठिवला?"

"ते... स्टँडर्डच असतं तसं."

निलोफरला राहवलं नाही. "जास्त उतार दिला की कांदा उडी मारतो, आप्पा. पट्टीवर न टेकता थेट पत्र्यावर पडतो."

साहेबरावांनी डोळे वटारले.  आप्पांनी पुन्हा दोन बोटांनी एक जुनी फाईल शोधून काढली. पहिल्या खेपेचं ड्रॉइंग. रिकामी चौकट पडद्यावर आली.

"जवळ ये, पोरी. वाच."

ती उठून पुढं झाली. चौकट अगदीच रिकामी नव्हती. आत बारीक इंग्रजी अक्षरांत फोटो ठेवल्या जागेचा पत्ता होता. तिच्या कॉम्प्युटरवर फोटो नेहमीच दिसायचा, म्हणून हा पत्ता तिनं कधी पाहिलाच नव्हता. आधी सी ड्राइव्ह. मग तिनं स्वतःच्या कामासाठी केलेल्या फोल्डरचं नाव. निलोफर. मग कांदा. मग फोटो.

"ही निलोफर तूच का?"

तिनं मान हलवली. साहेबराव खुर्चीत चुळबुळले.

"दोन्ही खेपंला इचारलं मी, ड्रॉइंग कुणी काढलं? हे म्हणायचे, मीच काढलं." आप्पांनी चष्मा काढला. "ड्रॉइंग मला पहिल्या दिशीच पसंत पडलं व्हतं, पोरी. फोटूचं निमित्त करून माघारी धाडत व्हतो, ते कवातरी वैतागून हे तुला घिऊन येतील म्हणून."