हिंगोलीचे हात

यंत्राचा हात गालाला लागताच कर्णिकांना कळलं, ही सिंधू नव्हे. लकव्यानं ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून ठाण्याच्या त्यांच्या घरातलं हे यंत्र सिंधू हिंगोलीत बसून चालवत असे. ती त्यांची दाढी करायची, घास भरवायची आणि भरवताना आपल्या लेकीच्या गोष्टी सांगायची.

"सिंधू कुठं आहे?"

"तिकडं महागाई वाढली, काका. बायकांनी पगार वाढवून मागितला," यंत्रातून एका तरुणाचा आवाज आला. "मग कंपनीनं काम नंदुरबारला दिलं. आमच्याकडं अजून स्वस्ताई आहे."

"वाढीव पैसे मी देतो. तिलाच बोलवा."

"माणूस मागून मिळत नाही, काका. सगळ्यात स्वस्त जिल्हा कुठला, तेवढंच कंपनी बघते."

काल सिंधूच्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन होतं. ते कसं झालं, हे आता कुणाला विचारायचं? सिंधूचं आडनावसुद्धा कंपनीनं कधी कळू दिलं नव्हतं.

"माझं नाव विरसिंग," तरुण आपुलकीनं म्हणाला.

कर्णिकांनी ते नाव लक्षात ठेवायचं नाही असं ठरवलं आणि वस्तऱ्यासाठी निमूटपणे हनुवटी वर केली.